शेजारच्या अंगणातून येणारा नळ

वाटणी झालेल्या वाड्यात बहुधा विहीर सामायिक राहते. मध्ये भिंत उभी राहते, चुली वेगळ्या होतात, सातबाऱ्यावर नावे वेगळी चढतात. पण विहिरीच्या तळाचे झरे काही वाटून घेता येत नाहीत. एका भावाने मोटर बसवली की दुसऱ्याच्या पोटात गोळा उठतो. इराणच्या आखाताच्या तळाखाली अशीच एक सामायिक विहीर आहे. सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर पसरलेले हे नैसर्गिक वायूचे जगातले सर्वांत मोठे क्षेत्र. त्याच्यावरून कतार आणि इराण यांच्या सागरी हद्दीची रेघ जाते. रेघेच्या एका अंगाचा सुमारे ६,००० चौरस किलोमीटरचा भाग कतारचा, त्याला 'नॉर्थ डोम' म्हणतात. दुसऱ्या अंगाचा ३,७०० चौरस किलोमीटरचा भाग इराणचा, त्याचे नाव 'साउथ पार्स'. नावे दोन, मालक दोन, खालचा वायू एकच.

या विहिरीकडे आपलेही डोळे पस्तीसएक वर्षांपूर्वीच लागले. कतारच्या बाजूचा वायू २००४ सालापासून जहाजात बसून गुजरातच्या किनाऱ्यावर येऊ लागला. इराणच्या बाजूचा वायू नळातून यायचा होता. बलुचिस्तान आणि सिंध ओलांडून, जमिनीखालून, थेट आपल्या हद्दीपर्यंत. तो नळ आला नाही. का आला नाही, या प्रश्नाला दिल्लीत एक उत्तर मिळते, तेहरानात दुसरे, इस्लामाबादेत तिसरे आणि वॉशिंग्टनमध्ये चौथे. मला ही गोष्ट या चारही उत्तरांपेक्षा मोठी वाटते, कारण तिचे एक टोक आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत येऊन पोचते.

माझ्यापाशी या वाहिनीविषयीच्या कात्रणांची एक जाड फाईल आहे. ती चाळताना हसू येते आणि थोडा रागही. वाटाघाटी अंतिम टप्प्यात आल्याची बातमी इतक्या वेगवेगळ्या सालांत भेटते की एखाद्याला वाटावे, कात्रणांवरच्या तारखाच चुकल्या आहेत. लग्नाची बैठक बसावी, मुलगी पसंत, मुलगा पसंत, पत्रिकाही जुळलेली, आणि देण्याघेण्याच्या मुद्द्यावर पाहुण्यांनी दर वेळी चहा घेऊन उठावे, असा हा प्रकार वीस वर्षे चालला.

कल्पनेचा जन्म १९८९चा. दिल्लीच्या तेव्हाच्या टाटा एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूटचे राजेंद्र पचौरी आणि इराणच्या परराष्ट्र खात्यात वरिष्ठ पदावर राहिलेले अली शम्स अर्देकानी यांनी ती मांडली. वेळ तशी बरोबर साधली होती. इराकशी चाललेले आठ वर्षांचे युद्ध १९८८ साली संपले होते. इराणपाशी वायूचे साठे अमाप, रशियाच्या खालोखाल जगात दुसऱ्या क्रमांकाचे, पण विकायला गिऱ्हाईक जवळ नव्हते. इकडे भारताला खते हवी होती, वीज हवी होती, आणि परकीय चलनाच्या तिजोरीचा तळ दिसू लागला होता.

त्या वर्षांत आपल्या घरांत गॅस म्हणजे लाल सिलिंडर, आणि सिलिंडर म्हणजे नंबर. आमच्या वडिलांनी नाव नोंदवले तेव्हा मी शाळेत होतो. शेगडी घरी आली तेव्हा कॉलेजात. आईने तिला हळदकुंकू लावले आणि पहिला आठवडा केवळ चहापुरतीच ती पेटवली, कारण संपला तर पुढचा कधी येईल याचा भरवसा नव्हता. सिलिंडरमधला वायू निराळा, तो प्रोपेन-ब्युटेनचा, दाबाखाली द्रवरूप झालेला. नळातून येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. घरातल्या शेगडीला दोन्ही सारखेच वाटतात, पण नैसर्गिक वायूचे खरे मोठे गिऱ्हाईक शेगडी नव्हेच. युरियाची गोणी ही जवळजवळ वायूचीच गोणी असते. अलिबागजवळचा थळचा खत कारखाना उभा राहिला तो मुंबई हायच्या वायूच्या जोरावर. म्हणून वायूचा भाव वाढला की त्याची झळ प्रथम शेताच्या बांधावर जाणवते, किंवा सरकारी अनुदानाच्या आकड्यात.

मुंबई हायचा साठा १९७४ साली सापडला आणि दोन वर्षांनी तेल निघू लागले. तेलाबरोबर येणारा वायू घेण्याची सोय सुरुवातीला अपुरी होती; त्यातला बराचसा समुद्रातल्या फलाटांवरच जाळून टाकला जाई. पुढे १९८४ मध्ये 'गेल' ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि हजिऱ्यापासून उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरपर्यंत सुमारे सतराशे किलोमीटरची वाहिनी टाकली गेली. एचबीजे या नावाने ती परिचित झाली. तेव्हा लांब अंतरावर नळ टाकणे आपल्या अभियंत्यांना नवे राहिले नव्हते. अडचण लोखंडाची किंवा जोडकामाची नव्हती.

नळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पाण्याचा नळ येतो. वायूची वाहिनी हे प्रकरण वेगळे आहे. अशा वाहिन्यांच्या कामात हयात घालवलेले माझे एक स्नेही आहेत. त्यांनी मला एकदा समजावून सांगितले की वायू उतारावरून वाहत येत नाही, त्याला ढकलावे लागते. ठरावीक अंतरावर कॉम्प्रेसर स्टेशने लागतात, ती वायू दाबून पुढे पाठवतात. आणि भरलेली वाहिनी ही स्वतःच एक कोठार असते. मी त्यांना विचारले, मधल्या माणसाने तोटी बंद केली तर? ते म्हणाले, "अहो, लगेच कळणारसुद्धा नाही. नळात साठलेल्या वायूवर काही तास निघतात. मग दाब उतरायला लागतो, आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी कळते."

हे शेवटचे गिऱ्हाईक म्हणजे आपण. आपल्याकडच्या कालव्यांवर टेलचा शेतकरी म्हणजे काय हे नगर-सोलापूरकडच्या वाचकांना सांगायला नको. पाणी सुटल्याची दवंडी सगळ्यांना सारखीच, पण पाणी शेपटाकडे पोचेपर्यंत वरच्यांचे ऊस भिजून झालेले असतात. इराण-पाकिस्तान-भारत वाहिनीची नियोजित लांबी सुमारे २,७०० किलोमीटर होती. साउथ पार्सच्या किनाऱ्यावरच्या असालुयेपासून इराणची हद्द संपेपर्यंत साधारण अकराशे, पाकिस्तानात हजारएक, आणि उरलेली आपल्याकडे. खर्चाचा अंदाज पुढे साडेसातशे कोटी डॉलरपर्यंत गेला. पहिल्या टप्प्यात रोज सहा कोटी घनमीटर वायू यायचा होता, निम्मा पाकिस्तानला, निम्मा आपल्याला. दिल्लीतले विरोधक विचारत, शत्रूच्या अंगणातून आलेल्या नळावर कोणी आपली चूल मांडतो का? समर्थक म्हणत, पाकिस्तानची चूलही त्याच नळावर पेटणार असेल आणि वर वाटखर्च म्हणून दर वर्षी घसघशीत रक्कम मिळणार असेल, तर तो तोटी कशाला बंद करील? दोन्ही प्रश्न रास्त होते. दुर्दैवाने दोघांनीही एकमेकांच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही.

या सगळ्यात एका भूभागाची गोष्ट दोन्ही बाजू विसरून जात, ती बलुचिस्तानची. बलुचिस्तानातल्या सुई गावी १९५२ मध्ये प्रचंड वायुसाठा सापडला आणि १९५५ मध्ये तो नळाने कराचीला पोचला. पाकिस्तानात घरगुती गॅसला आजही 'सुई गॅस' म्हणतात. वाटप करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांच्या नावांतही सुई आहे. म्हणजे आपण रॉकेलच्या रांगेत उभे होतो त्या काळात कराचीतल्या मध्यमवर्गीय बायका नळाच्या गॅसवर रोट्या भाजत होत्या. पण ज्या मातीतून वायू निघाला त्या प्रांताच्या राजधानीला, क्वेट्ट्याला, तो मिळायला १९८०चे दशक उजाडले. जानेवारी २००५ मध्ये सुईच्या प्रकल्पावर रॉकेटांचा मारा झाला, पुरवठा ठप्प झाला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, बुगटी टोळीचे नेते नवाब अकबर बुगटी लष्करी कारवाईत मारले गेले आणि प्रांत पेटला. इराणचा नळ नेमका याच प्रांतातून यायचा होता. ज्याच्या अंगणातून नळ जातो त्याला त्यातले घोटभर तरी पाणी द्यावे, हा खेड्यातला साधा व्यवहार इस्लामाबादच्या राज्यकर्त्यांना पन्नास वर्षांत जमला नाही. बलुचिस्तान शांत असता तर आपल्याकडच्या विरोधकांचा निम्मा मुद्दा गळून पडला असता, असे माझे मत आहे.

पाकिस्तान टाळून जाण्याचाही प्रयत्न झाला. १९९३ मध्ये ओमानहून थेट अरबी समुद्राच्या तळावरून गुजरातपर्यंत नळ आणायची बोलणी झाली. समुद्र मध्ये तीन किलोमीटरांहूनही खोल. तेवढ्या खोलीवर नळ टाकायची आणि तो बिघडला तर दुरुस्त करायची विद्या तेव्हा कोणापाशी नव्हती. तो नाद काही वर्षांत सोडून द्यावा लागला. पुन्हा जमिनीचा मार्ग समोर आला. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोरला बस गेली, मे महिन्यात कारगिल पेटले, डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला. अशा दिवसांत पाकिस्तानमार्गे नळ हा शब्द उच्चारणेही अवघड होते.

मग २००४ साल आले, आणि त्याबरोबर पेट्रोलियममंत्री म्हणून मणिशंकर अय्यर. स्वतः लाहोरात जन्मलेले, कराचीत भारताचे पहिले महावाणिज्यदूत म्हणून राहिलेले. त्यांनी हा प्रकल्प धडाडीने हाती घेतला. जून २००५ मध्ये ते इस्लामाबादेत जाऊन बोलणी करून आले. वर्तमानपत्रांनी 'शांतिवाहिनी' हे नाव तेव्हा घरोघर पोचवले. पण त्याच वर्षी दुसऱ्या दालनात दुसरी बैठक चालू होती. मार्चमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी दिल्लीत येऊन या वाहिनीबद्दल आपल्या देशाची नाराजी सांगितली. १८ जुलैला वॉशिंग्टनमध्ये भारत-अमेरिका अणुकराराची घोषणा झाली. त्याच दौऱ्यात पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी एका अमेरिकी दैनिकाला सांगितले की इराणमधली अनिश्चितता पाहता या प्रकल्पाला पैसा पुरवायला बँका पुढे येतील की नाही याची आपल्याला शंका आहे. सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरुद्ध मत दिले. जानेवारी २००६ मध्ये अय्यर यांचे खाते गेले आणि मुंबईचे मुरली देवरा त्या खुर्चीवर आले. (योगायोग असा की १९९९ ते २००४ याच खुर्चीवर मुंबईचेच राम नाईक होते. या कथेतली जवळपास दहा वर्षे पेट्रोलियम खाते मुंबईकरांच्या हाती होते.)

अमेरिकेने डोळे वटारले आणि आपण शेपूट घातले, असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. बरेच जण तसे म्हणतातही. मला ते अर्धेच खरे वाटते. अणुकराराची किंमत आपण अंशतः इराणच्या नळाने चुकवली हे उघड आहे. पण केवळ पैशाच्या हिशोबातही गाडे अडलेच होते. २००७ मध्ये खनिज तेल पिंपाला ६० डॉलर धरले तर वायूचा दर मोजमापाच्या एककाला पाच डॉलरच्या आत बसेल, असे सूत्र जुळत आले होते. इराणने अट घातली की दर तीन वर्षांनी दराचा फेरविचार व्हावा. पुढच्याच जुलैत तेल १४७ डॉलरवर गेले; विकणाऱ्याचे डोळे कुठे लागले असतील ते सांगायला नको. दुसरी गाठ अधिक घट्ट होती. आपले म्हणणे, वायू आमच्या ताब्यात आमच्या हद्दीवर द्या, मधल्या वाटेची जबाबदारी तुमची. इराणचे म्हणणे, आम्ही पाकिस्तानच्या हद्दीवर माल दिला की हात झटकले. म्हणजे हजार किलोमीटरच्या पाकिस्तानी पट्ट्यात काही झाले तर बिल कोणाच्या नावावर फाडायचे? लग्नात रुसवाफुगवा चालतो, पण वरात मध्येच लुटली गेली तर जबाबदार कोण हे आधी लिहून ठेवावे लागते. ते कोणी लिहून द्यायला तयार नव्हते.

तिसरे कारण फारसे कोणी काढत नाही, कारण ते आपल्याच घरचे आहे. २००२ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या मुखाबाहेर समुद्रात मोठा वायुसाठा सापडल्याची घोषणा झाली आणि एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. २०१०च्या सुमारास तिथून रोज सहा कोटी घनमीटरच्या आसपास वायू निघत होता. इराणच्या नळातून पहिल्या टप्प्यात दोन्ही देशांना मिळून जेवढा यायचा होता तेवढा. घरची गाय दूध द्यायला लागल्यावर शेजाऱ्याकडे भांडे घेऊन कोण जाईल? आपण २००८ पासून त्रिपक्षीय बैठकांना जाईनासे झालो होतो, तो विषय आता विसरूनच गेलो. पण गाय लवकरच आटली. तीनचार वर्षांत उत्पादन पावपटीवर आले. त्या वायूवर चालणाऱ्या वीज केंद्रांत आपले दाभोळही होते. एन्रॉनच्या काळापासून ज्या प्रकल्पाने महाराष्ट्राचे राजकारण ढवळून काढले, तो २०१३ नंतर वायूअभावी बंद पडला आणि २०१५च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाला तो रेल्वेला वीज देण्यासाठी. कोट्यवधी रुपयांची यंत्रे कोकणातल्या पावसात नुसती उभी होती.

इराण आणि पाकिस्तानने मात्र आपल्याशिवाय बैठक पुढे चालू ठेवली. मे २००९ मध्ये दोघांचा करार झाला. ११ मार्च २०१३ रोजी अहमदीनेजाद आणि झरदारी या दोन अध्यक्षांनी सीमेवर पाकिस्तानी भागाच्या कामाचा नारळ फोडला. इराणने आपल्या हद्दीतला नळ टाकून झाल्याचे जाहीर केले. पाकिस्तानच्या बाजूला काही झाले नाही. अमेरिकी निर्बंधांची भीती आणि रिकामी तिजोरी ही दोन कारणे पुरेशी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सीमेपासून ग्वादरपर्यंतच्या ८० किलोमीटरला पाकिस्तानने मंजुरी दिली, ती मुख्यतः इराणने नुकसानभरपाईचा दावा लावू नये म्हणून. तरी त्याच वर्षी इराणने पॅरिसच्या लवादाकडे जाण्याची नोटीस बजावलीच.

आता त्या सामायिक विहिरीच्या दुसऱ्या काठाकडे वळू. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की तो द्रवरूप होतो आणि सहाशे घरांत मावणारा माल एका घरात मावतो. मोठ्या थर्मासासारख्या टाक्यांच्या जहाजांतून तो नेता येतो. कतारने यात डोंगराएवढा पैसा घातला. ३० जानेवारी २००४ रोजी 'दिशा' नावाचे जहाज असा वायू घेऊन दहेजला लागले. वर्षाला ७५ लाख टनांचा तो करार पंचवीस वर्षांचा होता. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात झालेल्या समारंभात त्याला २०२८पासून पुढे आणखी वीस वर्षांची मुदतवाढ मिळाली. दहेजहून उरणपर्यंत वाहिनी आहे. मुंबई-ठाण्यात घरोघर येणाऱ्या वायूत देशी वायूचा वाटा मोठा, पण एकदा वाहिनीत मिसळल्यावर कोणता रेणू मुंबई हायचा आणि कोणता आखातातला हे प्रत्यक्ष अन्नपूर्णेलाही सांगता येणार नाही. आमच्या ओट्याखाली आता मीटर आहे. सिलिंडर संपण्याची धास्ती आमच्या सुनेला माहीतच नाही.

गंमत पुढेच आहे. पाकिस्ताननेही २०१५ पासून जहाजाने वायू आणायला सुरुवात केली, आणि पुढच्या वर्षी कतारशी पंधरा वर्षांचा करार केला. म्हणजे इराणला खेटून असलेला देश, दारात नळ येऊन थांबलेला, आणि तो त्याच विहिरीचे पाणी पलीकडच्या भावाकडून, बर्फाहून कितीतरी थंड करून, होड्यांत भरून, पुन्हा गरम करून पितो आहे. जगातल्या व्यवहारशून्यतेचा नमुना दाखवायचा झाला तर मी हाच दाखवीन.

पण जहाजे तरी इमानी आहेत का? नळाच्या विरोधकांचा लाडका मुद्दा हाच होता की नळ एकाच मालकाला बांधून टाकतो. जहाज आज कतारचे, उद्या ऑस्ट्रेलियाचे. ते खरेच आहे. मात्र जे जहाज आपल्याकडे वळवता येते ते दुसऱ्यालाही वळवता येते. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, रशियाचा वायू आटला आणि युरोपने वाटेल तो भाव देऊन जगातली जहाजे आपल्या बंदरांत ओढून घेतली. त्या जुलैत पाकिस्तानने दहा जहाजांसाठी निविदा काढली. एकही विक्रेता आला नाही. वीजकपातीने लोक हैराण झाले. आपल्या 'गेल'ला रशियन कंपनीच्या तेव्हाच्या उपकंपनीकडून दीर्घ मुदतीच्या कराराने यायचा होता तो मालही थांबला. करार कागदावर होता, जहाज दुसरीकडे गेले होते. नळाला निदान पाय नसतात.

आणि नळ शांतता आणतो, हे तरी किती खरे? समर्थक युरोपचा दाखला देत. १९७० मध्ये पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघाला मोठे नळ द्यायचे आणि बदल्यात वायू घ्यायचा करार केला; १९७३ पासून वायू वाहू लागला. रेगन यांनी १९८२ मध्ये निर्बंध घालून पाहिले, युरोपने जुमानले नाही. शीतयुद्ध आले-गेले, सोव्हिएत संघच नाहीसा झाला, पण जर्मन घरांची ऊब कमी झाली नाही. पन्नास वर्षे हा दाखला बिनतोड होता. २६ सप्टेंबर २०२२ रोजी बाल्टिक समुद्राच्या तळाशी नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या स्फोटांनी फुटल्या आणि पाण्यावर वायूचे बुडबुडे दिसले, तेव्हा दाखलाही त्यांच्याबरोबर फुटला.

पण त्याच युद्धातली एक गोष्ट मला आपल्या दृष्टीने जास्त बोलकी वाटते. रशियाचा काही वायू युक्रेनच्या जमिनीतून पश्चिमेकडे जात होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाले तरी तो वाहत राहिला. वर रणगाडे, खाली वायू. रशिया युक्रेनच्या शहरांवर क्षेपणास्त्रे टाकत होता आणि त्याच युक्रेनला वायूच्या वाटेचे भाडेही मोजत होता. जवळजवळ तीन वर्षे. करार संपला तेव्हा, १ जानेवारी २०२५ रोजी, युक्रेनने तो पुढे चालवला नाही आणि नळ थांबला. याचा अर्थ कसा लावायचा? नळाने युद्ध अडवले नाही, हे स्पष्ट दिसते. पण युद्धानेही नळ लगेच तोडला नाही. १९६०चा सिंधू पाणीवाटप करार १९६५, १९७१ आणि कारगिल अशा तीन युद्धांत टिकला, तोही याच जातीचा. पहलगामच्या हत्याकांडानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो स्थगित ठेवला. सहा दशके जे टिकले तेही अमर नव्हते. तरी सहा दशके ही लहान मुदत नव्हे. दोन पिढ्यांची पिके तेवढ्यात निघाली.

विकणाऱ्याची बाजूही नीट पाहायला हवी. आपल्या चर्चेत ती फारशी आलीच नाही. इराण वायूच्या उत्पादनात जगात तिसऱ्या क्रमांकाचा देश, पण जवळपास सगळा वायू घरीच जाळतो, कारण तिथे तो मातीमोल दराने मिळतो. थंडी वाढली की त्यालाच पुरत नाही. २००१ पासून इराणचा वायू नळाने तुर्कस्तानला जातो. जानेवारी २००८ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये, ऐन कडाक्यात, तो तुटला. कोणा शत्रूने तोटी बंद केली नव्हती, मालकाच्याच घरी शेकोटी विझत होती. डिसेंबर २०२४ मध्ये तर खुद्द इराणात वायूच्या टंचाईपायी शाळा आणि कचेऱ्या बंद ठेवण्याची वेळ आली. जून २०२५ मध्ये इस्रायलच्या हल्ल्यात साउथ पार्सच्या एका प्रकल्पाला आग लागली. आपला नळ झाला असता तर अशा दिवसांत काय झाले असते, याचा विचार समर्थकांनीही करायला हवा. मी स्वतः या वाहिनीच्या बाजूचा माणूस आहे. आपण बैठकीतून उठायला नको होते, दराचे भांडण चालू ठेवून जागा धरून बसायला हवे होते, असे मला वाटते. पण नळ आला असता तर सगळे आलबेल झाले असते असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसवू नका.

जाता जाता धाकट्या भावंडाविषयी. तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे पंजाबातल्या फाजिल्क्यापर्यंत यायची १,८१४ किलोमीटरची 'तापी' वाहिनी हीही तेवढीच जुनी कल्पना. १९९०च्या दशकात अर्जेंटिनाची ब्रिडास आणि अमेरिकेची युनोकॅल या कंपन्या तिच्यासाठी झटल्या. डिसेंबर १९९७ मध्ये तालिबानचे शिष्टमंडळ टेक्सासला पाहुणचारही घेऊन आले, आणि पुढच्याच वर्षी अफगाणिस्तानावर अमेरिकी क्षेपणास्त्रे पडल्यावर युनोकॅलने गाशा गुंडाळला. १३ डिसेंबर २०१५ रोजी तुर्कमेनिस्तानातल्या मरी इथे पायाभरणी झाली, तिला आपले उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये अफगाण भागाचा समारंभ झाला. २०२१ मध्ये काबूल तालिबानकडे गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमेवरच्या सेरहेताबादपासून हेरातपर्यंतच्या टप्प्याचे काम तालिबान राजवटीने सुरू केले. नकाशावर हेरातनंतर कंदाहार येते, मग क्वेट्टा, मग मुलतान. हेरातपासून फाजिल्का चौदाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे.